सायलीस, त्या गाण्याच्या व्हिडिओबद्दल

सायली बाळा,

परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवटच राहिलं. तू म्हणालीस आई तुला तिथे बसून काही कळत नाही, इथे सगळेच ते 'अप द रा'चं गाणं म्हणतात, लग्नात म्हणतात, कॉन्सर्टला हजारो लोक म्हणतात, मग मॅच जिंकल्यावर पबमध्ये मी दोन ओळी म्हटल्या तर एवढं काय बिघडलं. रागावून फोन ठेवलास म्हणून आता सावकाश लिहितेय.

तू आता डब्लिनला फक्त नोकरी करणारी मुलगी नाहीयेस गं. क्लबच्या तेरा वर्षांखालच्या मुलींची कोच आहेस. व्हिडिओत तुझ्या अंगावर क्लबचाच टीशर्ट आहे, तो व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर गेला आणि एका आईने लिहिलं की माझं माहेर बेल्फास्टचं आहे, हे बघून मला बरं वाटलं नाही. एवढंच लिहिलं तिने. बेल्फास्ट म्हणजे ब्रिटनकडे राहिलेलं नॉर्दर्न आयर्लंड. तुला तो मेसेज खवचट वाटला. मला नाही वाटला.

तूच २०२२ च्या आयर्लंडच्या महिला फुटबॉल टीमचं उदाहरण दिलंस ना, की त्यांनीही तेच गाणं म्हटलं होतं, तर तेच घेऊ. ११ ऑक्टोबर २०२२, ग्लासगोचं हॅम्पडन पार्क, वर्ल्ड कपची प्लेऑफ मॅच. गोलकीपर कोर्टनी ब्रॉसननने पेनल्टी अडवली, मग ७२ व्या मिनिटाला अँबर बॅरेटचा गोल, स्कॉटलंड १-० ने हरलं आणि आयर्लंडच्या बायका पहिल्यांदाच वर्ल्ड कपला पोचल्या. चारच दिवस आधी डोनेगलमधल्या क्रीस्लोला पेट्रोल पंपावर स्फोट होऊन दहा माणसं गेली होती, बॅरेट डोनेगलचीच, तिने गोल केल्यावर दंडावरच्या काळ्या पट्टीला ओठ लावले आणि तो गोल त्या माणसांच्या नावाने केला. इतकी सुंदर रात्र होती ती! आणि मग ड्रेसिंग रूममधला एक व्हिडिओ बाहेर आला, त्यात पोरी नाचत ओरडतायत 'ऊ आ अप द रा', म्हणजे ब्रिटिशांशी बंदुकीने लढणाऱ्या आयरिश संघटनेचा, आयआरएचा जयजयकार, आणि दुसऱ्या दिवशी गोलबिल सगळं बाजूला पडलं.

त्या पोरींच्या मनात खून नव्हता हे मलाही मान्य आहे. 'सेल्टिक सिंफनी' हे वुल्फ टोन्सचं गाणं ग्लासगोच्या सेल्टिक क्लबच्या शताब्दीसाठी १९८७ च्या सुमारास लिहिलेलं, बरंचसं मैदानाबद्दल आणि क्लबच्या प्रेमाबद्दल आहे, ती ओळ भिंतीवर रंगवलेल्या अक्षरांची म्हणून येते, पण लोकांच्या तोंडात राहिली तीच. टीममधल्या बऱ्याच जणी उत्तरेतली मारामारी थांबवणारा १९९८ चा गुड फ्रायडे करार झाला तेव्हा अगदी लहान होत्या नाहीतर जन्मायच्याच होत्या, त्यांच्यासाठी ती जिंकल्यावर म्हणायची ओळ, बस्स. आणि दुसऱ्या दिवशी टीममधल्याच क्लोई मुस्टाकीला ब्रिटिश चॅनलवर विचारलं गेलं की तुम्हा लोकांना शिक्षणाची गरज आहे का, तेव्हा आयरिश लोक भडकले तेही मला समजतं. ब्रिटिशांनी आयर्लंडला इतिहास शिकवायचा म्हणजे काय! इंग्लंडच्याच प्रेक्षकांनी १९९५ मध्ये डब्लिनच्या लान्सडाउन रोडवर आयआरएविरुद्ध घोषणा देत खुर्च्या तोडून खाली फेकल्या होत्या, अर्ध्या तासाच्या आतच मॅच बंद करावी लागली.

तरीही बघ कोचने काय केलं. व्हेरा पाव, हॉलंडची बाई, तिचा या भांडणाशी जन्माचा संबंध नाही. तिने गाणं नवीन पोरींना माहीत नव्हतं वगैरे सबबीचा आडोसा घेतला नाही, ज्यांना लागलं त्यांची लगेच माफी मागितली, फुटबॉल संघटनेनेही मागितली. डिसेंबरात यूएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, संघटनेला २०,००० युरो दंड केला. दंडाचं मला फार वाटत नाही, पण टीम हातात आहे म्हणजे टीमच्या तोंडून निघालेलंही आपल्याकडे येतं हे त्या बाईला कुणी सांगावं लागलं नाही हे मला फार आवडलं. तूही बाहेरचीच आहेस, तीही बाहेरचीच होती.

आता तू म्हणशील आई, ही स्वातंत्र्याची गाणी आहेत, आपली नाही का असली गाणी. आहेत. आयर्लंडचं प्रेम आपल्या घरात तुझ्या आधीपासून आहे, आबा नेहमी सांगायचे की लोकमान्यांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग काढली आणि तिकडे त्याच एप्रिलमध्ये डब्लिनला ब्रिटिशांविरुद्ध ईस्टरचं बंड झालं. क्रोक पार्कवर २१ नोव्हेंबर १९२० ला फुटबॉलची मॅच चालू असताना ब्रिटिशांच्या पोलिसांनी गर्दीवर गोळ्या घातल्या, चौदा माणसं मेली, त्यात टिपरेरीचा खेळाडू मायकल होगन होता. हे वाचताना आपल्याला जालियनवालाच आठवतं, दीड वर्षाआधीचं. (आणि त्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर जो मायकल ओड्वायर, तोही टिपरेरीचाच होता, म्हणजे सगळे आयरिश एका बाजूला असं तेव्हाही नव्हतं.) त्या काळाची गाणी कुणी म्हटली तर मी तुला एक शब्द बोलणार नाही.

पण 'रा' म्हटलं की फक्त १९२० ला स्वातंत्र्यासाठी लढलेली माणसं आठवत नाहीत गं. तिथल्या लोकांना १९६९ नंतरची आठवतात. त्या तीस वर्षांत उत्तरेच्या भांडणात साधारण साडेतीन हजार माणसं मेली, आणि सगळ्यात जास्त मारली ती प्रोव्हिजनल आयआरएने, म्हणजे १९६९ नंतरच्या आयआरएने. ब्रिटिश सैन्याने १९७२ मध्ये डेरीला मोर्चावर गोळ्या घालून तेरा जणांना जागच्या जागी मारलं, नंतर आणखी एक गेला, त्याची माफी यायला २०१० उजाडलं, ते मी विसरत नाहीये, आणि ब्रिटनसोबतच राहू म्हणणाऱ्या दुसऱ्या बाजूच्या टोळ्यांनी साध्या कॅथलिक माणसांना मारलं तेही नाही. पण आयआरएच्या बॉम्बांनी १९७४ ला बर्मिंगहॅमच्या पबमध्ये गेलेले एकवीस, १९८७ ला एनिस्किलनला युद्धात मेलेल्यांना फुलं वाहायला जमलेले अकरा, १९९३ ला वॉरिंग्टनच्या बाजारात एक तीन वर्षांचा आणि एक बारा वर्षांचा पोरगा, यांच्या घरची माणसं अजून जिवंत आहेत. त्या बारा वर्षांच्या मुलाचं वय तुझ्या टीममधल्या मुलींचं आहे.

आयआरएने बोटीत लावलेल्या बॉम्बने माउंटबॅटन गेले ती बातमी मला आठवते, ऑगस्ट १९७९, मी तेव्हा सातवीत होते. आपल्याकडे सरकारने दुखवटा पाळला, माझे बाबा रेडिओला कान लावून बसलेले. शेवटचा व्हाइसरॉय गेला एवढंच आम्हाला कळलं होतं. त्या बोटीवर त्यांचा चौदा वर्षांचा नातू होता आणि सुट्टीत बोटीवर काम करायला आलेला एनिस्किलनचा एक पंधरा वर्षांचा मुलगा होता, दोघेही मेले, हे मला खूप वर्षांनी वाचून कळलं. फाळणीसाठी माउंटबॅटनला दोष देणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत, पण त्या मुलाने काय केलं होतं? तो तर आयरिशच होता.

आणि खेळाचंच सांगते कारण तुझं जग ते आहे. नायजेल कार नावाचा आयर्लंडच्या रग्बी टीमचा खेळाडू, उत्तरेतला, एप्रिल १९८७ मध्ये आणखी दोघा खेळाडूंबरोबर गाडीने डब्लिनला प्रॅक्टिसला निघाला होता, पहिलाच वर्ल्ड कप महिन्यावर आलेला, आणि सीमेजवळ आयआरएने एका न्यायाधीशाच्या गाडीसाठी लावलेला बॉम्ब समोरच फुटला. न्यायाधीश आणि त्यांची बायको गेली. कार वाचला पण त्याचं खेळणं संपलं. तो आयर्लंडकडूनच खेळत होता बघ, त्याच हिरव्या जर्सीत. दुसऱ्या बाजूने नील लेनन, सेल्टिककडून खेळणारा कॅथलिक, २००२ मध्ये नॉर्दर्न आयर्लंडचा कॅप्टन म्हणून मैदानात उतरणार त्याच दिवशी जिवे मारायची धमकी आली, तो देशासाठी पुन्हा कधी खेळला नाही. आणि तुझ्या त्या फुटबॉलच्या पोरींच्या चार महिने आधीच, जून २०२२ मध्ये, एका ऑरेंज हॉलमधला, म्हणजे ब्रिटनच्या बाजूच्या प्रोटेस्टंट संघटनेच्या हॉलमधला, व्हिडिओ बाहेर आला होता, मॉरिशसला हनिमूनला गेलेली असताना खून झालेल्या टिरोनच्या मुलीची टिंगल करणारं गाणं म्हणत होते लोक. त्या प्रकरणात बेल्फास्टच्या लिनफील्ड क्लबने मुलींना शिकवणाऱ्या आपल्या एका कोचला काढून टाकलं. त्या गाण्याचा आणि तुझ्या गाण्याचा एका मापाने विचार मी करत नाही, ते फार घाण होतं. पण मुलींना शिकवणारा माणूस काय गातो हा प्रश्न तिथे दोन्ही बाजूंना विचारला जातो, तुला एकटीला नाही.

क्रिकेट तर तिथे दोन्हीकडचं मिळून एकच आहे. २ मार्च २०११ ला बेंगळुरूला केव्हिन ओब्रायनने पन्नास बॉलमध्ये शतक ठोकून इंग्लंडला हरवलं तेव्हा तुझे बाबा सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवत होते, तू शेजारीच होतीस. ओब्रायन डब्लिनचा, कॅप्टन विल्यम पोर्टरफील्ड उत्तरेतला, बॉइड रँकिन डेरीकडचा. ती ड्रेसिंग रूम कुणा एकाची नव्हती. म्हणूनच रग्बीवाल्यांनी १९९५ मध्ये दोन्हीकडच्यांना तोंड उघडता येईल असं 'आयर्लंड्स कॉल' नवीन लिहून घेतलं आणि क्रिकेटवालेही तेच म्हणतात. लोक म्हणतात ते गाणं फिकं आहे, असेल, पण म्हणताना कुणाला बाहेर जाऊन उभं राहावं लागत नाही. आणि तेच क्रोक पार्क बघ, जिथे १९२० ला गोळ्या चालल्या, तिथे २४ फेब्रुवारी २००७ ला इंग्लंडची रग्बी टीम आली, त्यांचं राष्ट्रगीत 'गॉड सेव्ह द क्वीन' वाजलं आणि ऐंशी हजार माणसं गप्प उभी राहून ऐकत होती. मग आयर्लंडने ४३-१३ ने हरवलं त्यांना. व्हिडिओ शोधून बघच, माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

मी शाळेत खो-खो शिकवायचे तेव्हा जिल्ह्याला जिंकून एसटीने परत येताना पोरी घोषणा द्यायच्या. महाराजांच्या नावाची दिली की सगळ्या ओरडायच्या, आमची मुसलमान पोरगी सगळ्यात मोठ्यांदा, ती सुंदर पोल मारायची आणि तिचा आवाजही तसाच होता. पण मधेच कुणीतरी दुसरीच घोषणा काढायचं, जी तिला म्हणता येणार नाही, आणि ती पिशवीत काहीतरी शोधायला लागायची. बाकीच्या पोरींच्या ते लक्षातसुद्धा यायचं नाही, त्यांच्या मनात वाईट काही नसायचं. मग मी शाळेच्या नावाची घोषणा सुरू करायचे आणि ती परत ओरडायला लागायची. कोचचं हे कामच आहे सायली, बाकी सगळे जिंकल्याच्या नादात असतात तेव्हा कोण गप्प झालंय ते आपण बघायचं.

तुझ्या टीममध्ये त्या बाईची मुलगी आहे. तिच्या आईच्या माहेरी काय झालं ते तुला माहीत नाही, कदाचित काहीच झालं नसेल, कदाचित कुणी गेलं असेल, ते तिला विचारायचंही नाही. तिने सांगितलं तर ऐकायचं. पण शनिवारी त्या मुलीला तुझ्यासमोर प्रॅक्टिसला उभं राहायचं आहे, आणि तिने तो व्हिडिओ बघितला असणार.

क्लबचे लोक तुला म्हणतील सोड गं, असले मेसेज येतातच. त्यांना म्हणू दे, त्यांचं घर आहे ते, त्यांची भांडणं ते त्यांच्या पद्धतीने बघतील. तू त्या आईला आजच लिही, ग्रुपवर नको, तिला एकटीला. मी गायला नको होतं, तुम्हाला त्रास झाला, माफ करा, एवढंच लिही. 'पण सगळेच म्हणत होते' असलं काही खाली जोडू नकोस. तुझ्या स्टोरीवर व्हिडिओ अजून असेल तर काढ. आणि मुलींसाठी जिंकल्यावर म्हणायला काहीतरी त्यांच्याकडूनच बनवून घे, बारा वर्षांच्या पोरी दहा मिनिटांत बनवतात, मला अनुभव आहे.

मेसेज पाठवलास की कळव, मी जागी आहे.

आई