कोंबडीतले जिवाणू आम्ल, पित्त आणि गोळीलाही पुरून उरतात

मा. संपादक,

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसची (गिलाँ-बारे सिंड्रोम; यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते) साथ आली, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब घडवणारा आणि काहींत पुढे जीबीएसला निमित्त ठरणारा जिवाणू सापडला. चर्चा मुख्यतः पाण्याची झाली, ती व्हायलाच हवी होती. पण हा जिवाणू कोंबडीच्या आतड्यातही तिला सहसा आजारी न पाडता राहतो, म्हणून थोडे चिकनबद्दल.

‘पोटातले आम्ल सगळे मारते’ हा समज धोक्याचा आहे. अन्नातील चरबी आणि प्रथिने आम्लाची धार बोथट करतात आणि कॅम्पिलोबॅक्टरचे पाचशेच्या आसपास जिवाणूही आजाराला पुरतात. रोज पँटोप्राझोल ही आम्लपित्ताची गोळी घेणाऱ्यांच्या जठरात तर आम्लच कमी. कोंबडीतला दुसरा जिवाणू साल्मोनेला आणखी चिवट: सौम्य आम्लात काही काळ राहिला की पुढचे तीव्र आम्लही सोसतो. त्यामुळे दही-लिंबात मुरवलेले चिकन निर्जंतुक झाले असे समजू नये. मुरवायचे तेही फ्रीजमध्येच.

जठरानंतर पित्त. पित्तक्षार जिवाणूचे आवरण फोडतात, पण कॅम्पिलोबॅक्टर आवरणातल्या पंपाने ते बाहेर फेकतो. हाच पंप सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविकही बाहेर टाकतो, आणि पित्त लागले की तो अधिक प्रमाणात तयार होतो! त्यात हे औषध जिवाणूच्या ज्या विकराला (एन्झाइमला) पकडते, त्या डीएनए गायरेजमधले एकच अमिनो आम्ल बदलले, की औषधाची पकड सुटते. कोंबड्यांना त्याच गटातले एन्रोफ्लॉक्सासिन पाजले की असे बदललेले जिवाणू तेवढे उरतात. अमेरिकेने २००५ मध्ये कुक्कुटपालनात या औषधावर बंदी घातली ती यामुळेच. आपल्याकडे २०१९ मध्ये पशुपालनात कोलिस्टिन या दुसऱ्या प्रतिजैविकावर बंदी आली, हे चांगले झाले. मात्र मांसात औषधाचा अंश नाही म्हणजे प्रतिरोधक जिवाणूही नाहीत, असे होत नाही. तपासणी दोन्हींची व्हायला हवी.

घरात सर्वांत मोठी चूक म्हणजे नळाखाली चिकन धुणे. शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, कोथिंबिरीवर उडतात. रक्त लागले असेल तर कागदाने टिपावे आणि हात साबणाने धुवावेत. विळी-सुरी आणि पाट वेगळा ठेवावा, निदान कांदा-काकडी आधी चिरून घ्यावी. रस्सा नीट उकळला की प्रश्न मिटतो. फसते ते तंदुरी आणि कबाब: बाहेरून करपलेले, हाडापाशी गुलाबी. सर्वांत जाड भागात ७५ अंश सेल्सिअस हवेत. फ्रीजवर भिस्त ठेवू नये. थंडीत कॅम्पिलोबॅक्टर वाढत नाही, पण तग धरतो.

जुलाब लागताच मनाने सिप्रोफ्लॉक्सासिन घेऊ नये. आधी ओआरएस. ताप किंवा शौचात रक्त असल्यास डॉक्टरांकडे जावे आणि शौचाचे कल्चर (जिवाणू वाढवून केलेली तपासणी) करता येईल का, हे विचारावे. जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांत पायांत मुंग्या आल्या, जिना चढणे जड झाले, तर ती जीबीएसची सुरुवात असू शकते; त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

– अन्नसूक्ष्मजीवशास्त्राचे अध्यापक, पुणे