एकवीस हजारांचा दलाल : गृहनिर्माण मंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहनिर्माण मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाशिकला पाथर्डी फाट्यावर माझं इस्त्रीचं दुकान आहे. सोमवारी वकिलाची रजिस्टर्ड नोटीस आली. पोस्टमनला सही देईपर्यंत इस्त्रीखाली गिऱ्हाइकाचा शर्ट जळला. त्याचे साडेआठशे आधी भरले, मग पाकीट फोडलं.

समोरच्या साइटवरचा पोरगा रोज चहाला यायचा. "काका, गिऱ्हाइकाचं नाव-नंबर द्या, बुकिंग झालं की अर्धा टक्का तुमचा." एका साहेबांना मी साइट दाखवून आणली. फ्लॅट ४२ लाखांचा. माझ्या खात्यात २१ हजार आले, पोरीची फी भरली. आता ताबा लांबलाय, बिल्डर फोन घेत नाही, आणि नोटिशीत साहेब म्हणतात मध्यस्थ तुम्हीच, तुमची तक्रार करतो. रेरा, म्हणजे बिल्डर आणि दलालांसाठीचा कायदा २०१६, कलम ९ : दलाल म्हणून नोंदणी नसताना प्रकल्पातला फ्लॅट विकून द्यायचा नाही. कलम ६२ : दिवसाला १० हजार दंड. मार्चपासून दोनशे दिवस धरले तर २० लाख! बायकोने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. आमचे वकील म्हणाले, घाबरू नका, फ्लॅटच्या किमतीच्या ५ टक्क्यांवर जात नाही. म्हणजे २ लाख १० हजार. घाबरू नका म्हणे!

चूक माझी, मान्य. एकट्या माणसाला नोंदणीची फी १० हजार, वर प्रशिक्षण आणि परीक्षा. पण २०१७ पासून हे सांगायला दुकानात कोण आलं? मताची चिठ्ठी द्यायला बरे पाच-पाच जण येतात. आमच्या रस्त्यावर पानटपरीवाला, रिक्षावाला, दूधवाला, सगळेच फ्लॅट दाखवतात. नाशकातले कितीतरी सौदे असेच होतात, लिहून देतो. आणि जुना फ्लॅट किंवा शेतजमीन विकणारा दलाल तर या कलमात बसतच नाही! एका गुंठ्याचा तिघांकडून इसार घेतलेला इसम इथे पांढऱ्या गाडीतून फिरतो. तुमच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खाली उजवीकडे तोच आहे, हात जोडून. कायदा कुणासाठी केलाय तेवढं तरी कळवा.

प्रत्येक साइट ऑफिसात मराठीत पाटी लावा : नोंदणी नसलेल्याने गिऱ्हाईक आणू नये. आणि ज्याने मला पैसे दिले त्या बिल्डरला आधी विचारा. २१ हजार मी परत करतो, हप्त्याने.

नोटिशीच्या उत्तराचे वकिलांनी ५ हजार सांगितलेत. कपड्याला ८ रुपये घेतो मी. ६२५ कपडे झाले.

आपला,
एक इस्त्रीवाला, पाथर्डी फाटा