आई-बाबा, एक संध्याकाळ ऑपेरासाठी ठेवा

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांनी पाठवलेली बीजिंगची यादी मिळाली. भिंत आहे, राजवाडा आहे, आईसाठी बागाही आहेत. ऑपेरावर मात्र काट मारून पुढे लिहिलंय, ‘भाषा कळत नाही, उगाच कशाला?’ फोनवर आवाज तुटत होता, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

बाबा, ती भाषा इथल्या लोकांनाही सगळी कळत नाही. पेकिंग ऑपेरातले, म्हणजे बीजिंगच्या या संगीत नाटकातले, राजे, सेनापती, खानदानी बायका जुन्या वळणाचं, हेल काढून बोलतात. गाताना एकेक अक्षर इतकं लांबवतात, की बीजिंगमध्ये जन्मलेली माणसंसुद्धा रंगमंचाच्या बाजूच्या पट्टीवर उमटणारी चिनी अक्षरं वाचत बसलेली असतात. पाहुण्यांसाठीच्या प्रयोगांत तिथेच इंग्रजीही येतं. रोजच्या बोलीत बोलतो तो विदूषक, नाकावर पांढरा पट्टा रंगवलेला. त्याच्या बोलण्यावर लोक हसले की तुम्हीही हसाल, कारण निम्मं तो चेहऱ्यानेच सांगतो.

आणि तुम्ही दोघं तर दशावतार बघत मोठे झालात. देवळासमोर एक बाकडं ठेवलं की ते सिंहासन, त्याच बाकड्यावर रात्रभर अख्खं पुराण उभं राहायचं. पडद्यांची, महालांची वाट तुम्ही कधी पाहिली नाहीत. इथे एक टेबल आणि दोन खुर्च्या. त्यातच दरबार, डोंगर, विहीर, सगळं. हातात गोंडे लावलेला चाबूक असला म्हणजे माणूस घोड्यावर आहे. चार शिपाई म्हणजे सैन्य. रंगमंचावर एक गोल फेरी मारली की कित्येक कोसांचा प्रवास झाला. मोठमोठ्या सेटची सवय असलेल्या पर्यटकाला हे शिकावं लागतं, तुम्हाला नाही.

मला सगळ्यात आवडतो तो ‘शरदातली नदी’ नावाचा छोटा प्रवेश. एक तरुण भिक्षुणी आपल्या माणसाच्या मागे निघाली आहे आणि एक म्हातारा तांडेल तिला होडीतून नेतो. होडी नाहीच. त्याच्या हातात फक्त वल्हं. ती आत पाय ठेवते तसा तो एका टोकाला वर उचलला जातो, ती दुसऱ्या टोकाला खाली जाते, मग उलट. दोघांचे गुडघे एकाच लयीत वाकतात आणि आपल्याला पाणी दिसायला लागतं. आई, खाडीच्या तरीत चढताना तू आजीचा हात धरायचीस ना, अगदी तसा तोल. तो प्रवेश तुला दाखवायचाच आहे मला.

बाबांना ‘तिठा’ आवडेल. अंधाऱ्या खानावळीत दोघं एकमेकांना शत्रू समजून रात्रभर लढतात, पण रंगमंचावर लख्ख उजेड असतो. आपल्याला सगळं दिसतं, त्यांना काहीच नाही. तलवार नाकासमोरून जाते आणि समोरचा श्वास रोखून चाचपडत राहतो. त्यात शब्द जवळजवळ नाहीतच.

रंगलेले चेहरे तर तुम्ही लगेच ओळखाल. लाल म्हणजे निष्ठावान, जसा सेनापती ग्वान यू. खडूसारखा पांढरा म्हणजे कपटी, जसा सत्ताधीश त्साव त्साव. न्यायाधीश बाव काळा, कपाळावर चंद्रकोर.

आता आवाजाबद्दल. पहिल्यांदा कानाला टोचतो, हे खरं आहे. जिंगहू नावाचं बांबूचं दोन तारांचं वाद्य फार चढ्या सुरात वाजतं आणि झांजा, घंटा त्यावर आदळतात. पण बाबा, तुम्ही तालाचे माणूस, म्हणून सांगते. एका हातात लाकडी टाळ्या आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन छोटा ढोल वाजवणारा असतो ना, त्याच्याकडे बघा. अख्खा प्रयोग तोच चालवतो. मोठ्या घंटेचा सूर आपटल्यावर खाली घसरतो, छोटीचा वर चढतो. नट झपाट्याने येऊन एका ठोक्यावर पुतळ्यासारखा थांबतो तेव्हा लोक ‘हाव!’, म्हणजे ‘छान!’, म्हणून ओरडतात. प्रवेश संपायची वाट बघत नाहीत. वन्समोर देणाऱ्या घरातल्या माणसांना इथे परकं वाटणार नाही.

ही कला राजधानीत बाहेरूनच आली, हेही मला फार भावतं. १७९० साली च्येनलुंग बादशहाच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी आनह्वेई प्रांतातल्या मंडळ्या बीजिंगला यायला लागल्या. पुढे हूबेईचे गायक आले आणि दोघांच्या चालींतून पुढच्या काही दशकांत हे नाटक घडलं. बालगंधर्व आपल्याकडे भामिनी रंगवत होते त्याच काळात इथे मेई लानफांग (१८९४–१९६१) स्त्रीभूमिका करत होते. त्यांनी १९३० मध्ये अमेरिकेत आणि १९३५ मध्ये सोव्हिएत संघात प्रयोग केले. मॉस्कोत त्यांना पाहून ब्रेख्तसारखा जर्मन नाटककार अभिनयाबद्दल वेगळा विचार करू लागला. त्यालाही चिनी येत नव्हतं, बाबा.

पाहुण्यांसाठीच्या प्रयोगांबद्दल माझी एकच तक्रार आहे. बरेचदा त्यात कोलांट्या आणि लढाया तेवढ्या ठेवतात आणि गाणं छाटतात. परदेशी माणूस कंटाळेल ही भीती. मला हे पटत नाही. लांब पांढऱ्या रेशमी बाह्या हळूहळू उलगडत एखादी बाई गाते, तेव्हा सभागृहात जे होतं ते कोलांटीने होत नाही. म्हणून मी असा कार्यक्रम शोधते आहे ज्यात निदान एक गाण्याचा प्रवेश आहे. सुरुवातीला छोटे तुकडेच बघूया, तासाभराचे. लीयुआन थिएटर १९९० मध्ये अशाच प्रेक्षकांसाठी सुरू झालं, तिथे प्रयोगाआधी नट तोंड रंगवताना बघायला मिळतात. रंगपटात डोकावायची बाबांची जुनी हौस भागेल. आवडलं तर चांगआन थिएटरात अख्खं नाटक, इथल्या म्हाताऱ्या रसिकांच्या शेजारी बसून.

वादक प्रेक्षकांच्या उजव्या हाताला बसतात, म्हणून आपण डावीकडे मागच्या रांगेत जागा घेऊ. बाबांच्या कानाच्या यंत्राला तो गजर सोसणार नाही. आईच्या गुडघ्यांसाठी कडेची खुर्ची, मधे उठून पाय मोकळे करता येतील अशी. आई, पट्टीवरचं इंग्रजी मी तुझ्या कानात मराठीत सांगत राहीन.

तिकिटं मी काढते. तुम्ही पोचाल त्या दिवशी नको, भिंतीच्या दिवशीही नको, पाय दमलेले असतील. बाकी कुठली संध्याकाळ मोकळी ठेवायची ते दोघांनी ठरवून कळवा. आणि बाबा, यादीतली ती काट तेवढी खोडा.

तुमची लेक