आधी माझं माप घेणाऱ्या मेकॅनिकदादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

गाडीला हँड कंट्रोल, म्हणजे ब्रेक आणि एक्सलरेटर हातानं चालवायचा लिव्हर, बसवून दिलेत त्याचे आभार त्याच दिवशी मानून झाले, पैसेही चुकते झाले. हे पत्र काम सुरू करण्याआधी तुम्ही जो वेळ घालवलात त्याबद्दल आहे.

त्याआधी आम्ही एका ठिकाणी चौकशीला गेलो होतो. तिथे सगळं बोलणं माझ्या भावाशी झालं. ताईंचा हात कुठवर पोचतो, हेही त्यालाच विचारलं. ताई, म्हणजे मी, शेजारी व्हीलचेअरवर बसून ऐकत होत्या!

तुम्ही मात्र म्हणालात, "खुर्चीतून सीटवर कशा जाता, ते आधी दाखवा." मी चाकांचे ब्रेक लावले, खुर्ची आणि सीट यांच्यामध्ये सरकायचा बोर्ड ठेवला, अंग उचलून सीटवर गेले आणि एकेक पाय हातानं उचलून आत घेतला. मग तुमचे प्रश्न. कुठला हात जास्त भरवशाचा? पाय अचानक झटके मारतात का? वळणावर कंबरेतून तोल राहतो का?

त्या उत्तरांवरच गाडी घडली. पाय झटके मारतात म्हणून पेडलपुढे पत्र्याची आड आली. नाहीतर पायाच्या एका झटक्यात एक्सलरेटर दाबला गेला असता. भाऊ गाडी चालवतो तेव्हा ती आड काढता येते, मूळची पेडल जशीच्या तशी आहेत. एक हात कायम लिव्हरवर अडकलेला, म्हणून स्टीअरिंग दुसऱ्या हातानं फिरवायला गोल मूठ. तिची जागा तुम्ही खांदा उचलावा लागणार नाही अशी मिळेपर्यंत बदलत राहिलात. लिव्हर पुढे ढकलला की ब्रेक, हे उलटं का नाही, असं मी विचारलं. गाडी दचकून थांबते तेव्हा अंग पुढेच जातं, त्यामुळे हातही ब्रेककडेच जायला हवा, असं तुम्ही सांगितलंत. आता ते किती साधं वाटतं.

सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती गुडघ्याजवळची जागा. लिव्हर पूर्ण दाबून धरायला लावलात आणि लिव्हरपासून पेडलकडे जाणारा रॉड व गुडघा यांच्यामध्ये स्वतःची बोटं घालून पाहिलीत. पायांना स्पर्श कळत नसल्यानं रॉड घासला तरी मला कळणार नाही आणि त्या जखमा भरायला महिने जातात, हे तुम्हाला माहीत होतं.

माझ्या मैत्रिणीच्या व्हॅनबद्दलही लिहायला हवं. ती पॉवरचेअरवरच, म्हणजे मोटरवर चालणाऱ्या व्हीलचेअरवरच, बसून प्रवास करते. चार पट्ट्यांनी खुर्ची जमिनीला बांधली की झालं, असं तिच्या घरच्यांना वाटायचं. त्या पट्ट्या फक्त खुर्चीला धरतात, माणसाला कंबर आणि खांद्यावरून जाणारा वेगळा बेल्ट लागतोच आणि खुर्चीचा बसण्यापुरता पट्टा धडकेत कामाचा नाही, हे तुम्ही त्यांना बांधून दाखवलंत. खुर्ची गाडीतली सीट म्हणून वापरण्याजोगी आहे का, हे पाहायला खुर्चीच्या कागदात आयएसओ ७१७६-१९ हे त्यासाठीचं आंतरराष्ट्रीय मानक शोधायला सांगितलंत. तिच्या जुन्या खुर्चीच्या कागदात ते नव्हतं. तुम्ही कुठल्याही कंपनीची भलामण केली नाहीत, नवीन खुर्ची घेताना हे विचारा, एवढंच म्हणालात.

आता एक विनंती. तुमच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांना वेल्डिंग, बोल्ट वगैरे तुम्ही शिकवालच. ते प्रश्नही त्यांना पाठ करायला लावा, आणि ते विचारायचे कुणाला, हेही. पुढच्या सर्व्हिसिंगला हँड कंट्रोल धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट तपासायला गाडी घेऊन येते.

तुमची,
एक ड्रायव्हर