मेकॉलेच्या आधीचे पान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षक दिन जवळ आला की मेकॉलेची आठवण हटकून निघते. १८३५चा त्याचा खलिता, कारकून घडवणारी शिक्षणपद्धती आणि ओघाने आपली गुरुकुले. पण गावातल्या प्रत्येक मुलाने, मुलीनेही, वाचायला शिकलेच पाहिजे हा आग्रह आला कुठून, हे कुणी विचारत नाही. मी अध्यापक विद्यालयात शिकवत होतो. तिथेही हा प्रश्न कधी निघाला नाही.

उत्तराचा मोठा भाग युरोपातल्या प्रॉटेस्टंट, म्हणजे पोपची सत्ता नाकारणाऱ्या ख्रिस्ती, पंथांत सापडतो. बायबल ज्याचे त्याने वाचावे असे ठरले, की ज्याला त्याला वाचता यायला हवे. रस्ते, पूल, बंदुका यांवर दरवर्षी खर्च करता, मग शाळांवर का नाही, असे या पंथांचा आद्य प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याने १५२४ मध्ये जर्मन नगरांच्या कारभाऱ्यांना जाहीर पत्रातून सुनावले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या प्युरिटनांनी, म्हणजे कडव्या इंग्रज प्रॉटेस्टंटांनी, १६४७ मध्ये कायदाच केला : पन्नास घरांच्या गावाने मास्तर नेमायचा. कारण काय, तर लोकांना धर्मग्रंथापासून दूर ठेवणे हा सैतानाचा डाव! स्वीडनमध्ये पाद्री घरातल्या सगळ्यांना, अगदी गडीमाणसांनाही, वाचायला लावी आणि कोण कसे वाचतो याची नोंद चर्चच्या वहीत करी. लिहिण्याची परीक्षा मात्र नसे. धर्मवचने वाचणारी माणसे हवी होती, स्वतःचे काही लिहिणारी नव्हे. या परंपरेचे गोडवे गाताना हे विसरू नये.

तरी त्यातूनच कोमेनियस हा शिक्षणतज्ज्ञ निघाला. परागंदा झालेल्या एका छोट्या प्रॉटेस्टंट पंथाचा हा बिशप, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरू. सर्वांना सर्व काही शिकवावे, असे त्याचे म्हणणे. १६५८च्या त्याच्या सचित्र पाठ्यपुस्तकात पहिल्या अक्षराशेजारी कावळा आहे आणि त्याचा आवाज दिला आहे ‘आ, आ’. मेंढीपुढे ‘बे, बे’. आपल्या अंकलिपीत चित्राशेजारी अक्षर असते, तो हाच धडा.

मराठी वाचकाला जवळचा धागा तंजावरचा. जर्मनीतल्या हालं शहरात फ्रान्के या धर्मोपदेशकाने १६९५ मध्ये गरीब मुलांसाठी शाळा काढली. हालंच्या त्याच वातावरणातून आलेला श्वार्ट्झ हा मिशनरी पुढे सरफोजीराजे भोसल्यांचा गुरू झाला. राजे ख्रिस्ती झाले नाहीत. पण गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी संगमरवरी शिल्प घडवून घेतले. त्यात मरणासन्न श्वार्ट्झचा हात राजांनी हातात घेतला आहे. याच राजांनी देवनागरी छापखाना काढून इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या. मेकॉले भारतात आला तेव्हा राजे हयातही नव्हते.

जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहून प्रभावित झाले, हे आपण वाचलेले असते. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, यात लपवण्यासारखे काही नाही. जोतीरावांना तो ठाऊक होता. त्यांनी शाळा घेतली, चर्च घेतले नाही.

अध्यापक पदविकेच्या नोट्समध्ये कोमेनियस ‘आधुनिक शिक्षणाचा जनक’ म्हणून दोन गुणांपुरता येतो. नव्या अभ्यासक्रमात त्याच्या नावाआधी ‘बिशप’ एवढा शब्द जरी छापला, तरी एखादी विद्यार्थिनी पुढचा प्रश्न विचारील.

आपला,
एक निवृत्त अध्यापक, मिरज