प्लेटलेट देणाऱ्या त्या दोघा पोरांचे आभार

आमच्या लेकाला रक्ताचा कॅन्सर आहे. आम्ही जिंतूरकडचे, उपचार छत्रपती संभाजीनगरला. ऐन सोयाबीन काढणीत, केमोनंतर त्याच्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, 9 हजारांवर आल्या (दीड लाखाच्या आत आल्या तरी कमीच धरतात) आणि नाकातलं रक्त थांबेना. दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट रक्तपेढीत जेमतेम 5 दिवस टिकतात. त्या रात्री रक्तपेढीत पिशवीच नव्हती. गावाकडून माणूस येईस्तोवर सकाळ झाली असती.

चहाच्या टपरीवर माझं फोनवरचं बोलणं ऐकून दोन पोरं उठली. "काका, रक्तगट कोणता?" एवढंच विचारलं. एकाचा जुळला. तपासण्या झाल्या आणि दीड तास तो मशीनला हात लावून पडून राहिला. दुसऱ्याला खरं तर थांबायचं काहीच कारण नव्हतं. तो खोलीवर जाऊन डब्यात खिचडी घेऊन आला आणि दिवसभर उपाशी असलेल्या माझ्या मंडळीला समोर बसून खायला लावली. माझ्या तर हे ध्यानातही नव्हतं.

नाव विचारलं तर म्हणाले, "नावाचं काय घेऊन बसलात काका, पोराकडं बघा."

रात्रपाळीच्या सिस्टरांचेही आभार. पिशवी येईपर्यंत त्या लेकाच्या नाकाला बोळा धरून बसल्या होत्या.

पोरांनो, लेक सध्या घरी आहे. पुढची केमो दिवाळीनंतर. तुमचा स्टीलचा डबा आमच्याकडंच राहिलाय, घ्यायला या.