काका, संगणक सकाळी पहिल्याच बटणाला सुरू होतोय

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळते आहे. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत. जुना संगणक जपून वापरणाऱ्या बाकीच्यांनाही तुमची पद्धत कळू दे.

बाबांची डीटीपीची (छपाईसाठी संगणकावर पानं जुळवायची) सगळी कामं त्या जुन्या पेन्टियम फोरवर आहेत आणि सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे ज्याशिवाय ते उघडत नाही ती छोटी किल्ली, पॅरलल पोर्टलाच लागतं; नव्या संगणकांत ते जुनं पोर्ट सहसा नसतं. त्यामुळे ‘नवा घेऊन टाका’ हा सल्ला आमच्या कामाचा नव्हता. सकाळी बटण दाबलं की पंखे फिरायचे, स्क्रीन मात्र काळी. बंद-चालू करत राहिलं की कधीतरी सुरू व्हायचा आणि मग दिवसभर बिनतक्रार चालायचा. दुकानात नेला की हमखास चालू! कुणी रॅम बदलली, कुणी विंडोज नव्याने टाकलं.

तुम्ही पेचकस हातात घेण्याआधी विचारलंत, "रात्रभर बंद राहिल्यावरच होतं ना?" आणि संगणक मुक्कामाला ठेवून घेतलात. सकाळी आधी एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, मोजलात. बारा व्होल्टची लाइन 11.4 ते 12.6च्या आत होती, म्हणजे तो निर्दोष. मग प्रोसेसरशेजारच्या, त्याची वीज स्थिर ठेवणाऱ्या छोट्या नळकांड्यांच्या, म्हणजे कपॅसिटरांच्या रांगेवर हेअर ड्रायरची गरम हवा सोडलीत, बटण दाबलंत, आणि लगेच बीप! मी बघतच राहिले.

आतलं द्रावण सुकत गेलं की कपॅसिटरचा अंतर्गत रोध (ईएसआर) वाढतो, थंडपणी आणखीच वाढतो, आणि प्रोसेसरला स्थिर व्होल्टेज मिळत नाही. ऊब आली की गाडी रुळावर. हे तुम्ही किती सोपं करून सांगितलंत! 2000 नंतरच्या काही वर्षांतल्या कितीतरी मदरबोर्डांवर असे कच्चे कपॅसिटर बसले होते, हेही तेव्हाच कळलं. टॉर्च तिरका धरल्यावर फुगलेला एकच दिसला, पण तुम्ही अख्खी रांग बदललीत. आधी फोटो काढून प्रत्येकाची ऋण बाजू टिपून घेतलीत. नवे लो-ईएसआर (कमी रोधाचे), 105 अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे, तेवढ्याच क्षमतेचे (मायक्रोफॅरडचे) आणि व्होल्टेजला जुन्यापेक्षा कमी नसलेले. त्या जाड बोर्डातून एकेक पाय सोडवताना तुम्ही जराही घाई केली नाहीत.

पैसे मात्र फक्त कपॅसिटरांचे घेतलेत. बाबांना ते फार लागलंय, म्हणून तुमच्या घरच्या पुढच्या कार्याच्या पत्रिका आमच्याकडेच छापायच्या, असा त्यांचा निरोप आहे. तुम्ही बजावल्याप्रमाणे हार्ड डिस्कची प्रत काढून ठेवली आहे.

आपली कृतज्ञ,
छापखान्यातली मुलगी